मागची भिंत

मी गेली बावीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन त्यांचे फोटो काढतो. स्टुडिओ घेतला नाही, घ्यावासाही वाटला नाही. फोन येतो: आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, बाळ सहा महिन्यांचं झालं, भाऊ पुष्कळ वर्षांनी घरी आलाय, एकदा या. मी जातो. दारात बॅग टेकवायच्या आत घरातलं कुणीतरी विचारतं, "मागचा पसारा दिसणार नाही ना?" आणि बॅगेतून लेन्स बाहेर आली, की दुसरं कुणीतरी म्हणतं, "बॅकग्राऊंड मस्त ब्लर करा हं." आज मला या दोन वाक्यांविषयीच बोलायचं आहे.

माझा दिवस कसा जातो, ते आधी सांगून टाकतो. सकाळी बॅटऱ्या, कार्डं, लेन्स पुसणं. दोन तासांचं शूट. मग संगणकासमोर सहा-सात तास: आठशे फ्रेम बघायच्या, साठ ठेवायच्या, रंग बघायचे आणि तीन ठिकाणी कॉपी करायच्या, त्यातली एक घराबाहेर. फोटो काढण्यापेक्षा फोटो टाकून देण्यातच आमचं आयुष्य जास्त जातं. ते टाकताना काय ठेवावं, हे मला उशिरा कळलं.

ब्लर म्हणजे काय, ते थोडक्यात. ५० मिलिमीटरची लेन्स फुलफ्रेम, म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असलेल्या, कॅमेऱ्यावर लावली, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र; एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं) एफ/१.८ ठेवलं आणि माणूस दोन मीटरवर बसवला, तर तीक्ष्ण दिसणारा पट्टा जेमतेम १७ सेंटिमीटरचा असतो. चेहरा त्यात मावतो. मागचं कपाट, खिडकी, भिंतीवरचं घड्याळ सगळं विरघळून जातं. तेच अ‍ॅपर्चर एफ/८ केलं, की पट्टा ८० सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि त्याच्याही मागे कपाट हे कपाट म्हणून ओळखू येतं. मात्र प्रकाश वीसपट कमी मिळतो, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवा, शटर मंद करा, फोटोत थोडे दाणे सोसा. फोनच्या कॅमेऱ्याची गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्याचा सेन्सर इतका लहान असतो, की खोलीतलं जवळपास सगळं आपसूक स्पष्ट येतं. म्हणजे तो घर जपतच असतो. मग पोर्ट्रेट मोड लावून आपण ते सॉफ्टवेअरने पुसतो.

आता हा फोटो बघा. मागच्या रांगेतल्यांना दिसतोय ना? खुर्चीत माझी आजी आहे. बाबांनी काढलेला. त्यांच्याकडे पेटीसारखा साधा कॅमेरा होता: एकच भिंग, फोकस कायमचा ठरलेला, अ‍ॅपर्चर एफ/११च्या आसपास, १२० फिल्मच्या एका रोलवर १२ फोटो. खोलीत उजेड कमी, म्हणून त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला, शटर बी वर टाकलं, म्हणजे बोट दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं, आणि आजीला म्हणाले, "आई, हलू नकोस." मग तोंडाने "एक... दोन..." मोजून बोट उचललं. मी दाराशी उभा होतो. ते मोजणं मला अजून ऐकू येतं.

बरीच वर्षं मी या फोटोत फक्त आजी बघत होतो. बाबा गेल्यावर ती निगेटिव्ह स्कॅन केली. सहा बाय सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह, भरपूर मोठी करता येते. आजीच्या खांद्यामागे फळी आहे, फळीवर रेडिओ. त्या रेडिओचं स्टेशन बदलायचं बटण तुटलं होतं आणि बाबांनी तिथे पेनाचं टोपण बसवलं होतं. स्क्रीनवर मोठं करत गेलो आणि ते टोपण समोर आलं, क्लिपसकट. ती क्लिप बोटाला टोचायची, म्हणून आम्ही पोरं अंगठ्याच्या कडेने टोपण फिरवायचो. हे मी पार विसरलो होतो. अंगठ्याला आठवलं.

स्वस्तातला कॅमेरा होता, म्हणून टोपण राहिलं. त्या भिंगाला मागचं पुसताच येत नव्हतं.

आणि बाबांचे शेवटच्या तीन वर्षांतले माझे फोटो? पहिल्या कमाईतून घेतलेल्या एफ/१.८च्या लेन्सचे. पापण्यांचा केस न् केस मोजून घ्या. पण ते कुठे बसलेत? मागे करड्या-पिवळ्या रंगाचा धुरळा. ते घरात होते, त्याच खोलीत, त्याच फळीखाली. तो रेडिओ तेव्हाही तिथे होता का? मला आता सांगता येत नाही. शंभरावर फोटो आहेत आणि एकातूनही ते कळत नाही. याची मला खंत आहे, आणि तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील अजून त्यांच्या घरात आहेत, त्यांच्यासाठी मी हे मुद्दाम सांगतोय.

रंगाचंही तेच. आमच्या घरी संध्याकाळी साधा तारेचा बल्ब लागायचा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळा. त्या बल्बचा प्रकाश २७०० केल्विनच्या जवळपासचा, दिवसाचा उजेड ५५००च्या. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर असला, की तो ही पिवळी झाक चूक समजून बरीचशी काढून टाकतो. भिंत पांढरी होते, पण संध्याकाळ जाते. मी आता घरात शूट करताना ऑटो बंद ठेवतो. क्लायंट विचारतात, फोटो जरा पिवळे आलेत का? मी म्हणतो, तुमच्या घरात सात वाजता असाच उजेड असतो, आज रात्री बघा.

फोटोग्राफीची सुरुवात घरातूनच झाली, हे आपण लक्षात घेत नाही. आज टिकून असलेला कॅमेऱ्यातला सर्वांत जुना फोटो फ्रान्समध्ये नीएप्सने १८२६-२७च्या सुमारास काढला, तो त्याच्या राहत्या घराच्या वरच्या खिडकीतून. एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, इतका लांब, निदान आठ तासांचं, की समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. इंग्लंडमध्ये टॅलबटने ऑगस्ट १८३५ मध्ये आपल्या घराच्या जाळीदार खिडकीची टपाल तिकिटाएवढी निगेटिव्ह केली आणि शेजारी लिहून ठेवलं, की नवी असताना भिंगातून तिच्यातली सुमारे २०० तावदानं मोजता येत होती. स्वतःच्या घराची तावदानं मोजत बसलेला तो माणूस मला फार जवळचा वाटतो. आणि प्रागचा फोटोग्राफर योसेफ सूदेक. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला. १९४०पासून पुढे चौदा-एक वर्षं तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवरचं दव, ओघळ, पलीकडे वाकडं झाड. एकच खिडकी, एकच झाड, आणि तरी एक फोटो दुसऱ्यासारखा नाही.

आजीच्या त्या निगेटिव्हनंतर मी पिनहोलकडे, म्हणजे भिंगाऐवजी नुसतं बारीक छिद्र असलेल्या कॅमेऱ्याकडे, वळलो. पत्र्याचा डबा आतून काळा केला, ०.४ मिलिमीटरचं छिद्र पाडलं, समोर १० सेंटिमीटरवर फोटोचा कागद लावला. म्हणजे एफ/२५०. अशा कॅमेऱ्यात फोकसच नसतो. टेबलावरचा चष्मा आणि लांबचं दार, दोन्ही सारखीच मऊ, सारख्याच मानाची. आईच्या खोलीत डबा ठेवला की घरातल्या उजेडात दोन-तीन तास लागायचे. एकदा तेवढ्या वेळात आई निदान वीस वेळा समोरून गेली असेल. कागदावर ती कुठेच नाही. खुर्चीत बसून तिने घटकाभर वर्तमानपत्र वाचलं होतं, तिथे मात्र पाठीच्या उंचीचं फिकट धुकं उमटलंय. मी तिला दाखवलं. ती म्हणाली, "खुर्ची छान आलीये."

पुढे आई माझ्याकडे राहायला आली आणि जुनं घर सोडायचं ठरलं. सामान हलवून झाल्यावर मी एक दिवस मागून घेतला. पुढच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद लावला, कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि मधोमध दीड सेंटिमीटरचं गोल भोक कापलं. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले, की समोरची भिंत हळूहळू हलायला लागते: रस्ता वर, आकाश खाली, झाड उलटं लटकलेलं, पानं हलतायत. एक सायकलवाला छताजवळून उलटा गेला. आख्खी खोलीच कॅमेरा झाली होती आणि मी तिच्या पोटात उभा होतो. ट्रायपॉड लावला. आयएसओ ४००, एफ/८, तीन मिनिटं. घड्याळ होतं खिशात, पण मी मनातच मोजलं, एक... दोन..., एकशे ऐंशीपर्यंत.

बाहेरचं झाड ज्या भिंतीवर पडलं, ती फळीची भिंत. फळी काढलेली, तिच्या जागी चुन्याचा जरा उजळ पट्टा आणि खिळ्यांची चार भोकं. सगळं स्पष्ट आलंय. पुढचे दिवे कुणी बंद कराल का? तो फोटो दाखवतो.