हलणाऱ्या यकृताचा नकाशा

नमस्कार श्रोतेहो.

मटणाच्या दुकानात कलेजी तोलताना नीट पाहिलीय कधी? ताटलीत पडली की पसरते, उचलली की बोटांमधून लोंबते. आपण काळीज म्हणताना हात छातीवर ठेवतो, पण कलेजी म्हणजे यकृत, यात खाटीक कधी चुकत नाही. आज बोलायचंय ते या लोंबण्याबद्दलच, आणि त्यामुळे यकृताच्या शस्त्रक्रियेत होणाऱ्या पंचाईतीबद्दल.

माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं, वरून गुळगुळीत, तपकिरी. १९५७ साली क्लोद क्वीनो या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने आतल्या रक्तवाहिन्यांच्या फांद्यांवरून त्याचे आठ भाग पाडले. सर्जन आजही 'सेगमेंट सहा', 'सेगमेंट आठ' असंच बोलतात. पंचाईत एवढीच की या भागांचे बांध वरून दिसत नाहीत.

पोट उघडायचे तेव्हा सर्जन यकृत हातात धरून चाचपायचा, गाठ बोटांना लागायची. दुर्बिणीच्या, म्हणजे छोट्या छिद्रांतून कॅमेरा घालून केलेल्या, शस्त्रक्रियेत ती बोटंच गेली. रुग्णाचा फायदा मात्र खरा आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेल्या २८० रुग्णांवर ऑस्लोत चाचणी झाली, कोणावर कोणती शस्त्रक्रिया करायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून. २०१८ साली आकडे आले: पोट उघडलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना गुंतागुंत झाली, दुर्बिणीवाल्यांपैकी १९ टक्क्यांना.

मग बोटांचं काम कोण करणार? सीटी स्कॅनवरून यकृताचं त्रिमितीय मॉडेल बनवायचं, त्यात शिरा निळ्या, गाठ पिवळी, आणि ते कॅमेऱ्याच्या चित्रावर चढवायचं. मेंदूच्या शस्त्रक्रियेत हे छान जमतं, कारण कवटी हलत नाही. इथे पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरला की यकृत चेपतं, प्रत्येक श्वासाला वरखाली होतं, त्याला धरून ठेवणारे बंध कापले की कुशीवर वळतं. स्कॅन मात्र आधीच काढलेला, रुग्णाला श्वास रोखायला सांगून! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अशी प्रणाली रुग्णांवर वापरून पाहिली, तेव्हाही चूक सेंटिमीटरच्या आगेमागेच राहिली. गाठ आणि मोठी शीर यांच्यात कधी कधी तेवढंही अंतर नसतं.

म्हणून मला रंगीत मॉडेलपेक्षा एक साधी युक्ती जास्त भरवशाची वाटते. काढायच्या भागाला रक्त नेणारी फांदी चिमट्याने बंद करायची आणि हाताच्या शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचं रंगद्रव्य सोडायचं. हे औषध अवरक्त प्रकाशात चमकतं, कॅमेरा ती चमक हिरवी दाखवतो. थोड्या वेळात सगळं यकृत हिरवं होतं, तेवढा एक तुकडा काळा राहतो. बांध यकृताने स्वतःच आखून दिला, आणि यकृत हललं की तोही सोबत हलतो.

पण ही चमक जेमतेम सेंटिमीटरभर खोलीपर्यंतच दिसते. त्याखालचं पाहायला सोनोग्राफीचा बोटाएवढा प्रोब यकृतावर टेकवायचा आणि एक डोळा त्या पडद्यावर, एक मॉडेलवर ठेवून बेताबेताने कापत जायचं.

नमस्कार.