गुहाचित्रं शिकवायचीत? आधी भिंत तयार करा!

नमस्कार! मुलांना अश्मयुगातली चित्रं शिकवायची म्हटलं, की आपण रानरेड्याचं छापील चित्र हातात देतो आणि म्हणतो, रंगव. मला विचाराल तर त्यात गुहा कुठेच नाही.

म्हणून आज आधी भिंत. हा खाकी कागद. मस्त चुरगाळायचा, अर्धवट उलगडायचा आणि फुगवटे राहतील असा भिंतीवर चिकटवायचा. आता दिवे बंद, आणि टॉर्च बाजूने, तिरका. हे बघा! इथे पाठ दिसते की नाही? आणि हे पोट? मुलांना विचारा, यात कोण लपलंय? स्पेनमधल्या अल्तामिराच्या गुहेत छतावरचे बायसन असेच काढलेत; खडकाचा फुगवटा तेच प्राण्याचं अंग. १८७९ साली ते पहिल्यांदा दिसले आठ वर्षांच्या मारियाला. वडील जमिनीतले अवशेष शोधण्यात गुंग, आणि हिची नजर छताकडे!

रंगही घरीच करू. गेरूचा खडा सहाणेवर पाणी घालून उगाळायचा, चंदन उगाळतो तसा. त्यात भिजवलेल्या डिंकाचं थोडं पाणी. एकदा डिंकाशिवायही लावून बघू दे. वाळल्यावर बोट फिरवलं की रंग बोटाला येतो, मग डिंक कशाला ते सांगावं लागत नाही. काळ्यासाठी लाकडी कोळसा, पांढऱ्यासाठी खडूची पूड. चुना अजिबात नको, डोळ्यांत गेला तर भलतंच व्हायचं. ब्रश म्हणजे कडुनिंबाची काडी, टोक ठेचलेली.

आणि प्रत्येकाला वेगळा कागद देऊ नका. भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहांमध्ये, ज्या १९५७ साली आपले पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी उजेडात आणल्या, एका खडकावर इतके प्राणी आहेत की त्याला 'झू रॉक' म्हणतात. वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी एकमेकांच्या चित्रांवर चित्रं काढलीत. तेव्हा "यानं माझ्या हरणावर हत्ती काढला!" अशी तक्रार येणारच. येऊ द्या. लगेच विचारा, आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं? कशावरून? संशोधकही चित्रांचा क्रम लावताना हेच बघतात, कुठला रंग कुठल्या रंगावर बसलाय.

हाताचे ठसे हवे असतील तर कागदावर हात ठेवून जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवा. तोंडाने रंग फुंकायला लावू नका. आणि हो, कपडे जुनेच घाला, गेरूचा डाग सहजासहजी निघत नाही. तुमच्या भिंतीवर कोणकोण उतरलं, कमेंटमध्ये नक्की सांगा!