टीव्हीचा आवाज

(पडद्यावर: संध्याकाळ, हर्णे बंदरातला मासळीचा लिलाव. मग वाडीकडे चढणारा लाल मातीचा रस्ता.)

हर्ण्याला लिलाव चालू असला की शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतोय ते ऐकायला येत नाही, एवढा गलका. तिथून निघून आम्ही अर्ध्या तासात ज्या वाडीत पोचलो तिथे बरोबर उलटं. इथे संध्याकाळी सातनंतर कोणाच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेपण मोजता येतं. वाडीचं नाव सांगणार नाही, कोणाचा चेहरा दाखवणार नाही, आणि काही बारकावे मुद्दाम बदललेत, कारण दापोली तालुक्यात चार खुणा सांगितल्या की पाचवी लोक स्वतःच शोधून काढतात.

दोन घरं आहेत. मधे चिऱ्याचा गडगा, कमरेएवढा. अलीकडच्या घरात काकी राहतात, साठीच्या पुढच्या. पलीकडच्या घरात एक बाई, तिशीतली, दोन मुलं, सासू-सासरे. नवरा मुंबईला.

(पडद्यावर: काकींचे फक्त हात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतायत, बोटं लालभडक.)

काकी मान खाली घालूनच बोलत होत्या, एक रातांबा फोडायचा, बिया एका टोपात, सालं सुपात, आणि मधेच सहज म्हणाल्या, "मी काय करायची बाय, तिकडं चालू झालं की टीव्हीचा आवाज मोठा करायची."

हे वाक्य ऐकून आमचा कॅमेरावाला थांबला. काकी नाही थांबल्या. पुढे म्हणाल्या, "पावसात बरं असायचं, पत्र्यावर इतका आवाज, काय ऐकायलाच येत नाय."

बरं. कोणाला बरं, असं मी विचारणार होतो पण नाही विचारलं.

आपल्याकडे गणपतीला चाकरमानी येणार म्हणून वाडीच्या वाडी वाट बघत असते, घर सारवून रंगवून तयार, आणि ह्या घरातली बाई श्रावण लागला की जेवायची कमी व्हायची. गणपती, शिमगा, मे महिना, तीन वेळा नवरा यायचा आणि तिन्ही वेळा मारायचा. बाकीचे नऊ-दहा महिने काय, सुटका? तर तेही नाही. रोज रात्री दहाला व्हिडिओ कॉल. "कॅमेरा फिरव. पडवी दाखव. मागचं दार दाखव. चपला कोणाच्या त्या?" चपला सासऱ्याच्या असायच्या. एकदा नेटवर्क गेलं, कॉल कट झाला, आमच्याकडे वारा सुटला तरी रेंज जाते, तर रात्रभर शिव्यांचे व्हॉइस मेसेज. पैसे तो आईच्या खात्यावर पाठवायचा, हिला मुलांच्या वह्यांसाठीपण सासूपुढे हात पसरायला लागायचा.

आता यातलं मारणं सोडलं तर बाकीच्याला कोणी छळ म्हणतच नव्हतं. ती स्वतःपण नाही. पण 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, जो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, त्यात अंगावर हात टाकणं आणि लैंगिक छळ याच्यासोबत शिव्या, अपमान, धमक्या आणि पैशाची कोंडी हेसुद्धा हिंसाच म्हणून लिहिलंय.

आणि सांगत कोणीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2019-21 चं, त्यात मार किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांना विचारलं होतं. मदत मागितली अशा फक्त 14 टक्के. 77 टक्के बायकांनी मदत तर नाहीच मागितली, कोणाला सांगितलंपण नाही. पण मला त्या आकड्यातलं एक खटकतं. तिने सांगितलं नाही म्हणजे कोणाला माहीत नव्हतं असं थोडीच आहे? गडग्याच्या पलीकडे माहीत असतं. विहिरीवर माहीत असतं. एसटीच्या थांब्यावर माहीत असतं.

वाडीला एकत्र येता येत नाही असंही नाही. एका वर्षी वाडीची बैठक बसली होती, नवऱ्याला बोलावलं, चहा झाला, "परत करणार नाय" म्हणून त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, हिला म्हणाले तूपण जरा समजुतीनं घे, आणि मिटलं. मिटलं म्हणजे काय तर पुढचा मार जरा हळू आवाजात झाला. आणि हाच आपला किनारा बरं का. इथून जवळच मुरुड, महर्षी कर्व्यांचं गाव. 1893 साली त्यांनी विधवेशी लग्न केलं तर गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. म्हणजे विधवेचं लग्न झालं की गावाला सगळं दिसतं, ऐकू येतं, ठराव करता येतो. बायकोला मारलं की मात्र ते नवरा-बायकोचं आपसातलं.

(पडद्यावर: रात्र. गडगा. पलीकडच्या खिडकीत पिवळा दिवा.)

गेल्या गणपतीत, गौरी गेल्या त्या रात्री, पलीकडून आवाज आला तेव्हा लाइट गेलेली होती. टीव्ही बंद. पाऊसपण नव्हता. काकींना सगळं ऐकायला लागलं. धाकटा पोरगा ओरडत होता, "पप्पा नको."

काकींनी चिपळूणला मुलीला फोन केला, मुलीने 181 ला, म्हणजे महिला हेल्पलाइनला.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण ती मला स्वतःलाही हे काम सुरू करेपर्यंत ठाऊक नव्हती. त्याच कायद्याचं कलम 4. कुठल्याही माणसाला वाटलं की अमुक घरात असं काही होतंय, झालंय किंवा होईल, तर तो संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे ह्याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो. शेजारी, शिक्षिका, दुकानदार, कोणीही. आणि चांगल्या हेतूने कळवलं असेल तर त्याच्यावर ना दिवाणी जबाबदारी येते ना फौजदारी. "उद्या आमच्यावरच केस टाकली तर?" हे जे आपण सगळे म्हणतो ना, त्याचं उत्तर कायद्यात सुरुवातीलाच लिहून ठेवलंय.

नंतर सगळं सिनेमासारखं पटापट झालं नाही. एका पोलीस ठाण्यात त्या बाईला "सणाचं कशाला, घरी जा, मिटवा" हेच ऐकायला मिळालं. मग संरक्षण अधिकारी आल्या, त्यांनी घरगुती घटना अहवाल भरला, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाला, बाईमाणसाला तो फुकट असतो, उत्पन्न कितीही असो, 15100 वर फोन केला तरी सांगतात. अर्ज मॅजिस्ट्रेटपुढे गेला. पहिली तारीख साधारण तीन दिवसात आणि निकाल 60 दिवसात द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रयत्न हा शब्द लक्षात ठेवा. 60 दिवसात काही संपलं नाही, पण तात्पुरता आदेश मिळाला, आणि तो महत्त्वाचा.

कारण तिला सगळ्यात जास्त भीती घराची होती. घरपट्टी सासऱ्याच्या नावावर. सासू रोज म्हणायची, तुझं इथं काय आहे, चल निघ, माहेरी जा. माहेरी भाऊ-भावजय, दोन खोल्या. पण हा कायदा म्हणतो की ज्या घरात ती संसार करून राहिली तिथून तिला असंच बाहेर काढता येत नाही, कागद तिच्या नावावर नसला तरी. सासऱ्याच्या मालकीचं घर असलं तरीही ते यात येऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 15 ऑक्टोबर 2020 च्या निकालात स्पष्ट केलंय. उलट कोर्ट नवऱ्यालाच सांगू शकतं, तू बाहेर राहा. इथे तेच झालं. आणि संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तो घरात येऊ शकेना, मग फोनमधे घुसला. "तुझे फोटो आहेत माझ्याकडे, वाडीच्या ग्रुपवर टाकतो." ती घाबरून सगळे मेसेज उडवणार होती. नशीब की काकींची मुलगी तिथे होती. डिलीट काही करायचं नाही. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढायचे, एक कॉपी भरवशाच्या माणसाकडे पाठवायची, आणि फोन विकायचा किंवा रीसेट मारायचा नाही, कारण कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि मूळ मेसेज जाग्यावर असलेला कधीही बरा. अंगाचे खाजगी भाग दिसणारे फोटो संमतीशिवाय असे पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. आणि स्टॉप एनसीआयआय नावाची एक सोय आहे, ती आपल्याच फोनमधे त्या फोटोचा एक आकडेमोडी ठसा तयार करते, फोटो कुठेही जात नाही, फक्त ठसा जातो, आणि त्या सोयीत सामील असलेल्या साइटवर तोच फोटो कोणी टाकायला गेला की तो ओळखून अडवता येतो. व्हॉट्सअॅपवरच्या खाजगी ग्रुपला मात्र याचा तसा भरवसा नाही, हे तिला आधीच सांगितलेलं बरं. फोटो अजून तरी आलेले नाहीत.

मग वाडीने काय केलं? काकींना ग्रुपमधून काढलं. आधी दोन दिवस टोमणे, "सीआयडी काकी", कोणीतरी त्यांच्या फोटोवर टोपी चिकटवून टाकली, तीसपस्तीस जणांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या, त्यातली निम्मी पोरं काकींनीच अंगाखांद्यावर खेळवलेली. मग शिमग्याला कुजबुज, ह्या दोन घरांच्या दारात ग्रामदेवतेची पालखी न्यायची नाही.

ज्यांना कोकण माहीत नाही त्यांना वाटेल, पालखी नाही आली तर काय एवढं. आमच्याकडे पालखी दारात आली नाही म्हणजे तुम्ही वाळीत. पण महाराष्ट्रात वाळीत टाकण्याविरुद्ध 2016 चा कायदा आहे, 3 जुलै 2017 पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो व्हायला आपल्याच शेजारच्या रायगडातली वाळीत टाकल्याची प्रकरणं बरीचशी कारण झाली. काकींच्या मुलीने तो कायदा छापून गावच्या मानकऱ्यांना नेऊन दिला. भांडली नाही, नुसता कागद ठेवला आणि चहा पिऊन आली.

पालखी आली. दोन्ही दारात.

(पडद्यावर: काकींच्या पडवीत कालनिर्णय. मागच्या बाजूला पेनाने लिहिलेले नंबर.)

निघताना काकींनी कालनिर्णय उलटा करून दाखवलं. 181, आणीबाणीला 112, पोरांसाठी 1098. यंदाच्या गणपतीला तो वाडीत यायचं म्हणतोय, भावाकडे उतरणार म्हणे. गडग्यावरून पलीकडची बाई काकींना शिकवत होती, फोन लॉक असला तरी 112 कसा लागतो ते. काकींनी रातांब्याचं बोट पदराला पुसलं आणि एक-एक-दोन दाबलं.

"लावून बघू काय गो?"

"नको काकी, खरंच लागेल!"

आणि दोघी हसायला लागल्या.