जोत्यापाशी थांबलेलं घर

(दृश्य : पहाट. गवत उगवलेला जोता. शेजारी ताडपत्रीची खोप, आत चूल पेटते आहे.)

हा घरकुलाचा जोता. काळ्या मातीतून गुडघाभर वर आलेला चौकोन. दोन पावसाळे झाले, याच्यावर गवत उगवतं, शेळी ते खाते, पुन्हा उगवतं. बाजूच्या खोपीत चार माणसं राहतात. आधी इथे कुडाच्या भिंतींचं, कवेलूचं घर होतं. गळायचं, पण दार लागायचं. घरकुल मंजूर झालं म्हणून ते पाडलं.

गावाचं नाव घेत नाही. वर्धा जिल्ह्यातलं, नदीकाठचं, एवढं पुरे. ज्या बाईनं आम्हाला चहा दिला तिला उद्याही इथेच राहायचं आहे.

(दृश्य : वर्धा नदी. पुलावरून जाणाऱ्या सायकली, मोटरसायकली.)

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. पाण्यापलीकडे यवतमाळ जिल्हा, तिथे बंदी नाही. संध्याकाळी या पुलावर रांग लागते ती बाजाराची नाही. ज्याला पुलापर्यंत जायचाही कंटाळा, त्याच्यासाठी नाल्याच्या काठाला मोहाचा सडवा, म्हणजे दारू गाळायला आंबवलेला मोह, पुरलेला असतोच.

(दृश्य : पाया खोदणारे मजूर. कुदळ, ओली काळी माती, मग पिवळट मुरूम.)

आता ही माती नीट बघा. ही पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. मुरूम लागेपर्यंत खोदलं नाही, तर दुसऱ्या वर्षी भिंत कोपऱ्यातून तडकते. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी, संडासाचे १२ हजार वेगळे. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. हे पैसे टप्प्याटप्प्यानं येतात. पहिला हप्ता काम सुरू करायला. पुढे जसं बांधकाम चढेल तसा फोटो चढतो, फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश चढतात, आणि मगच पुढचे पैसे खात्यात पडतात.

म्हणजे इमानदारीनं बांधणाऱ्याचाही पहिला हप्ता जमिनीखालीच जातो. गिट्टी, रेती, लोहा, मिस्त्री, सगळ्यांना आधी रोख लागते. ज्याच्या घरात पिणारा आहे, त्याचा हप्ता मुरमापर्यंत पोहोचतच नाही. जोता अर्धा राहतो. अर्ध्या जोत्याचा फोटो चालत नाही. फोटो नाही म्हणून पैसा नाही. पंचायत समितीच्या कागदावर शेरा पडतो, ‘अपूर्ण’. लाभार्थी पितो, हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही.

(दृश्य : खोपीतली बाई भांडी घासते आहे. चेहरा दिसत नाही, फक्त हात.)

‘घर कायले पाडलं म्हून इचारते जो तो. साहेबानंच सांगतलं होतं ना, जागा मोकळी करा.’

(दृश्य : लोखंडी फाटक. वर नाव पुसट केलेली पाटी.)

नवऱ्याची दारू सुटावी म्हणून तिनं काय केलं नाही? बाजारातून भाजीत कालवायची पुडी आणली. कोणी ‘बाहेरचं’ आहे म्हणालं, तिथेही नेलं. शेवटी दोन शेळ्या आणि कानातलं विकून या व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकाच्या आत पोहोचवलं. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. आत चित्रीकरणाला परवानगी मिळाली नाही, त्यामुळे तुम्हालाही फाटकच दिसेल. तो सांगतो की खिडक्यांना जाळ्या होत्या, आरडाओरडा केला की खोलीत कोंडत आणि डॉक्टर त्याला एकदाच दिसला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेला आजारही मानसिक आजारातच धरला आहे. असे रुग्ण ठेवणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. रुग्णाला साखळीनं बांधायला सक्त मनाई आहे. फाटकावरच्या पाटीवर देवाचं चित्र होतं, दोन मोबाइल नंबर होते. नोंदणी क्रमांक आम्ही शोधला, सापडला नाही.

आणि इथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली, तर पहिल्याच दिवशी हात कापायला लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला नसलेली माणसं दिसू शकतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. त्याला गोळ्या लागतात, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं, रात्री उशाशी जागं माणूस लागतं. हे काम दवाखान्याचं आहे. कुलूप लावून ते होत नाही.

(दृश्य : ग्रामपंचायतीचं टेबल. दोन वह्या शेजारी-शेजारी. बोटं एकेका नावावरून खाली सरकताहेत.)

या माहितीपटातलं आमचं सगळ्यात आवडतं दृश्य हे. डावीकडे आशाताईंची वही. कोणाच्या घरी मारहाण, कोणाला कावीळ, कोण रात्रभर बाहेर पडून होता, असं सगळं तिच्यात आहे. उजवीकडे रोजगार हमीची हजेरी ठेवणाऱ्या रोजगार सेवकाची यादी, अडकलेल्या घरकुलांची. दोघं एकाच इमारतीत बसतात. एकमेकांच्या वह्या त्यांनी कधी उघडल्या नव्हत्या. त्या दिवशी बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी दोन्ही ओढून शेजारी ठेवल्या आणि बोट फिरवायला लागल्या.

‘अवो, हे तं तेच नावं हाय!’

(दृश्य : सभागृह. प्लास्टिकच्या खुर्च्या. भिंतीवर काळा फळा.)

मग सगळ्या खात्यांची मिळून गुरुवारची बैठक सुरू झाली. पहिल्या बैठकीचं चाळीस मिनिटांचं चित्रीकरण आमच्याकडे आहे, त्यातली तीस मिनिटं शाल-नारळाची. ती कापली. उरलेल्या दहात प्रत्येक साहेब आपल्याच खात्याचं सांगतो. घरकुलाचे अभियंता म्हणाले, उपचार आमच्याकडे नाही. वैद्यकीय अधिकारी म्हणाले, बांधकाम आमच्याकडे नाही. पोलिसांचे बीट जमादार किती कॅन सडवा फोडला ते सांगून दुसऱ्या कामाला निघून गेले.

दुसऱ्या बैठकीला माणसं कमी होती, काम जास्त झालं. फळ्यावर आडव्या रेषेत नावं, उभ्या रेषेत खाती. आणि एक साधी अडचण पहिल्यांदा बोलली गेली. मानसोपचाराचे डॉक्टर ग्रामीण रुग्णालयात येतात त्याच दिवशी अभियंता गावात फोटो काढायला यायचे. माणसानं घरी थांबायचं की दवाखान्यात जायचं? तो तिसरीकडेच जायचा. अभियंत्यांनी आपला वार बदलला. एवढंच. त्यासाठी मंत्रालयातून शासन निर्णय यावा लागला नाही.

(दृश्य : हजेरीपट. रकान्यांत खुणा, मध्ये एक मोकळा चौकोन.)

दुसरी युक्ती रोजगार सेवकाची. हमीची ती ९० दिवसांची मजुरी स्वतःच्याच घरकुलावर काम करून मिळते. म्हणजे त्या माणसाची हजेरी रोज लागते. खाडा पडला की रोजगार सेवक आशाताईंना फोन करतो. आशाताई खोपीपाशी जातात, हात कापताहेत का बघतात, गाडीची सोय करतात. जो कागद मजुरीसाठी छापला, तो नाडी बघायच्या कामी आला. आणि पैशाचं? घरकुल नवरा-बायकोच्या संयुक्त नावानं किंवा बायकोच्या नावानं मंजूर करता येतं, हे योजनेतच लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतीनं नवीन प्रस्तावांत तेवढं वाचून दाखवायला सुरुवात केली. रेतीसाठी तहसीलच्या चकरा बचत गटाच्या बायांनी वाटून घेतल्या.

(दृश्य : पोलीस नाल्याकाठचा सडवा ओततात. दूर एक म्हातारी उभी.)

ही म्हातारी गाळते आणि विकते. तिचंही नाव घरकुलाच्या ‘ड’ यादीत, म्हणजे वाट बघणाऱ्यांच्या यादीत आहे, बरंच खाली. तिच्याबद्दल बैठकीत अजून काही ठरलेलं नाही.

(दृश्य : स्लॅबचा दिवस. घमेली हातोहात वर जाताहेत. मिक्सरचा आवाज.)

गावातल्या तीन घरांवर स्लॅब टाकून झाला. एक माणूस उपचार अर्धवट सोडून पुण्याकडे गेला, एक या पावसाळ्यात वारला. फाटकवाल्या केंद्राची तक्रार जिल्ह्याला दिली आहे.

(दृश्य : पुन्हा तोच जोता. गवत काढलेलं. भिंत खिडकीपर्यंत. तो माणूस विटांवर पाणी मारतो आहे.)

आणि हे पहिलं घर. भिंत खिडकीपर्यंत आली. सकाळी पाणी तोच मारतो. पाइप धरलेला हात थोडा हलतो, कॅमेरा जवळ नेला की तो हात मागे घेतो. आम्ही पुन्हा जवळ नेला नाही. बायको खोपीच्या दारातून बघते आणि आमच्याकडे न बघता म्हणते, ‘तेरा दिवस झाले.’

(दृश्य : बसथांबा. सकाळ. तो एकटा उभा, हातात दवाखान्याची पिशवी.)

आज गुरुवार. गोळ्या काल रात्री संपल्या. ग्रामीण रुग्णालयाची बस इथूनच मिळते. पुलाकडे जाणारी काळीपिवळीही इथेच थांबते, आणि ती आधी येते.

(दृश्य : काळीपिवळी येते, थांबते. पडदा काळा.)