मूळशोध आणि बंद दार

(फोंडा येथील वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मुळांविषयी बोलायला अंत्रुज महालासारखी, म्हणजे आपल्या या फोंडा परिसरासारखी, दुसरी जागा नाही. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळे इकडे आणली गेली, आणि आजही मुंबई, कारवार, मंगळूरची कुटुंबे कुळदैवताचा ठाव घेत मंगेशीला, कवळ्याला येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका देवळाच्या आवारात मी दुभाषा म्हणून एका बाईंसोबत उभा होतो. आठ महिन्यांच्या असताना त्या युरोपात दत्तक गेल्या होत्या. कोणीतरी आपुलकीने 'तुमचे मूळ गाव कोणते?' असे विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मलाही काही सांगता आले नाही.

ज्या संस्थेतून त्या दत्तक गेल्या, तिथे त्यांची फाईल होती. आईचा अंगठा असलेले संमतीपत्र, न्यायालयाच्या हुकमाची प्रत आणि वजनाचा तक्ता, एवढेच कागद. तक्त्यावरची पहिली नोंद १ किलो ९०० ग्रॅमची. त्या आकड्यावर बोट ठेवून त्या कितीतरी वेळ बसल्या होत्या. आपले नाव आईने ठेवले, अशी त्यांची जन्मभराची समजूत होती. ते एका दाईने ठेवले होते, आपल्या धाकट्या बहिणीचे.

त्या काळच्या फाईलींत दत्तकपत्र सापडत नाही, म्हणून पुष्कळजण घाबरतात. परदेशी दांपत्याला इथले न्यायालय १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व देई आणि दत्तकविधान त्यांच्या देशात होई, हे त्यामागचे साधे कारण आहे. वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने या व्यवहाराला शिस्त लावली. पण जन्मदात्यांची माहिती मुलाला द्यावी की नाही, हे दत्तक पालकांच्या मर्जीवर ठेवले. आज सज्ञान व्यक्ती स्वतः मूळशोधाचा, म्हणजे आपल्या जन्मदात्यांचा ठाव घेण्याचा, अर्ज करू शकते. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या जन्माची हकीकत कळणे ही कोणाच्या मेहरबानीची गोष्ट असू नये.

मात्र हकीकतीवर हक्क असला तरी माणसावर तो नसतो. आईच्या गोपनीयतेला धक्का लागता कामा नये आणि त्रयस्थाने परस्पर शोध घेऊ नये, असे नियम सांगतात. त्यांचे मर्म मला उशिरा कळले. एका प्रकरणात मी घाईने गावच्या तिठ्यावरील दुकानात आडनाव सांगून चौकशी केली, आणि दोन दिवसांत सगळ्या वाड्यात कुजबुज पसरली. ज्या घराचा संबंधही नव्हता, तिथल्या म्हातारीला सुनांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली. मी जाऊन तिची क्षमा मागितली. तिने दार उघडले नाही, आणि ते योग्यच होते.

त्या बाईंच्या आईचा शोध मात्र संस्थेच्या समाजसेविकेने एकटीने, गाजावाजा न करता घेतला. आईने भेटायला नकार दिला. अशा वेळीही मूल कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले, एवढे सांगता येते. ते ऐकताना त्या बाई रडल्या नाहीत, फक्त 'ती तेव्हा किती वर्षांची होती?' असे विचारले. उत्तर होते, सतरा. परतण्यापूर्वी त्यांनी आपला पत्ता घालून एक पत्र लिहिले, मी ते मराठीत उतरवले, आणि वजनाच्या तक्त्याच्या वर ते फाईलला लावून ठेवले आहे.