चवथीपर्यंत बारा किलो

नमस्कार, श्रोतेहो.

मागे एकदा मिरग लागला त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खाली काढलं, चवथीच्या तारखेभोवती लाल पेनाने गोल काढला आणि आत आकडा लिहिला : १२. म्हणजे बारा किलो. गणपती घरात यायच्या आत एवढं वजन उतरवायचं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखर अजून मधुमेहात गेलेली नाही, पण उंबरठ्यावर आहे. घाबरलेला माणूस लहान आकडा लिहीत नाही.

मी गृहशास्त्राची शिक्षिका. वर्षानुवर्षं मुलींना फळ्यावर कॅलरीज मांडून दाखवल्या, घरात मात्र कधी मांडल्या नव्हत्या. त्या रात्री कागद घेऊन बसले. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरीज. बारा किलोंच्या झाल्या ९२४००. हातात दिवस ऐंशी. म्हणजे रोज साडेअकराशे कॅलरीज कमी खायच्या किंवा जादा जाळायच्या, म्हणजे जवळजवळ अर्धं जेवण सोडायचं, तेही एक दिवस न चुकता. ह्यांनी कागद पाहिला, घडी घालून खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा दुकानातून पावडरचा डबा घेऊन आले. त्यावरही आकडाच होता, 'महिन्यात दहा किलो'. तो डबा पुढे आम्ही रवा ठेवायला वापरला.

मग किती उतरवायचं? आहे त्या वजनाच्या पाच टक्के, सहा महिन्यांत. ह्यांचं वजन ८६ किलो, म्हणजे सव्वाचार किलो. ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं, मला ठाऊक आहे. पण एवढ्यानेही साखर आणि रक्तदाब यांच्यात फरक पडायला लागतो, आणि एवढं उतरलेलं टिकवताही येतं. आठवड्याला अर्धा किलो गेला तर उत्तम, पाव किलो गेला तरी तक्रार नाही. शिवाय काट्याइतकंच शिंप्याच्या टेपवरही लक्ष ठेवा. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी असं मानतात. पोटाचा घेर हीच आपली खरी दुखरी जागा आहे, मधुमेह तिथूनच आत शिरतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. सबंध देशाचं ११.४.

पहिल्या आठवड्यात ह्यांचे दोन किलो उतरले. घरात पेढे वाटायचेच बाकी होते! पण ते बहुतेक सगळं पाणी. खाणं कमी केलं की शरीर आधी साठवलेली साखर वापरतं आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी बाहेर पडतं. चौथ्या आठवड्यात काटा अडला, आणि ह्यांचा चेहरा मुशीच्या हुमणातली (माशाच्या आमटीतली) मूश संपल्यासारखा झाला. म्हणून सांगते, काट्यावर रोज चढू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खाण्यापिण्याआधी. रात्री खारं नुस्तं, म्हणजे खारवलेले मासे, खाल्लं तर सकाळी काटा पुढे सरकलेला दिसणारच.

पण आमची खरी चूक आकड्याची नव्हती, चुलीची होती. ह्यांच्यासाठी मी वेगळं करत होते. उकडलेला दुधी, बिनतेलाची भाजी, कोरडी पोळी. आणि त्याच टेबलावर मुलगा आणि सासूबाई रव्यात घोळवून तळलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, खात होते. माणूस किती दिवस टिकेल? अकरा दिवस टिकले. बाराव्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "एका घरांत दोन रांदपां कित्याक गे?" एका घरात दोन स्वयंपाक कशाला! मला वाटलं, लेकाची बाजू घेतायत. रात्री लक्षात आलं, त्या बरोबर बोलल्या होत्या. बदलायचं तर सगळ्यांचं एकच टोप बदलायला हवं.

सुरुवात तेलापासून केली. आम्ही चौघं, महिन्याला चार लिटर. माणशी एक लिटर, म्हणजे रोजचं साधारण तीस ग्रॅम नुसतं तेल, त्यात खोबऱ्याची चरबी धरलेलीच नाही. चाराचं तीन करायचं ठरवलं. महिन्याच्या एक तारखेला तीन पिशव्या बरणीत ओतायच्या, चौथी आणायची नाही. कुणाला काही सोडायला लावलं नाही. नुस्तं तळायचं ते बुधवारी आणि रविवारी, बाकी दिवशी हुमण किंवा तव्यावर तेलाचा हात फिरवून. हिशेब केला तर माणशी रोज सत्तर कॅलरीज वाचतात. वर्षभरात कागदावर तीन किलो होतात. शरीर कागदाप्रमाणे चालत नाही, प्रत्यक्षात कमीच उतरेल, पण न कळत उतरेल.

नारळाबद्दल मी भांडायला तयार आहे. गोंयकाराला 'खोबरं सोडा' म्हणणारा सल्ला मी ऐकूनही घेत नाही. पण रोज अख्खा नारळ वाटायची आमची सवय होती, ती अर्ध्यावर आणली. आठवड्यातले तीन दिवस नारळाच्या रसाच्या सोलकढीऐवजी फुटी कढी, म्हणजे बिननारळाची. कोकम तेच, मिरची-कोथिंबीर तीच.

भाताचं माप दवलीने, म्हणजे वाढायच्या डावाने, ठरलं. आमच्याकडे करवंटीची जुनी दवली आहे, सासूबाईंच्या सासूची. ह्यांच्या ताटात दुपारी चार दवल्या शीत पडायचं. दोन केल्या, आणि मोकळ्या जागेत तांबडी भाजी, नाहीतर मुगागाठी, म्हणजे मोडाचे मूग. भात उकड्याच तांदळाचा. तो बरा, पण बरा म्हणून चार दवल्या खायचा नाही. जून-जुलैत, मासेमारी बंद असते तेव्हा, खाऱ्या बांगड्यावर सगळा भार टाकू नका. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्या दिवसांत हळसांदे (चवळी) आहेत, अंडी आहेत. बंदी उठली की तारले आणि बांगडे घ्या. इसवणाच्या (सुरमईच्या) भावाकडे बघून हळहळायचं कारण नाही, चांगली चरबी त्या स्वस्त माशांतही भरपूर असते.

आणि पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, एकदा विचारा, पोईत (कोंड्याच्या पावात) कोंडा आत मळलेला आहे की मैद्यावर नुसता भुरभुरलाय. आमच्या पोदेराने हसून विषय बदलला. काय ते मी समजले.

आता मुलाचं. तो तेरा वर्षांचा, अंगाने भरलेला. त्याला शाळेत काय म्हणतात ते मला माहीत आहे, म्हणून घरात त्याच्या वजनाचा शब्द काढायचा नाही असं ठरवलं. वाढत्या मुलांना उपाशी ठेवायचं नसतं. बहुतेक वेळा त्यांचं वजन तिथल्या तिथे धरलं तरी पुरतं, उंची वाढत जाते आणि अंग आपोआप सारखं होतं. आम्ही घरातली शीतपेयाची बाटली बंद केली, सगळ्यांसाठी, आणि जेवणानंतर तळीपर्यंत चालत जायला लागलो. आधी तो मोबाइल घेऊन यायचा, मग कुत्र्याला घेऊन. मुलांना दिवसाला तासभर हालचाल हवी. मोठ्यांना आठवड्याला दीडशे मिनिटं, तीही धाप लागेल न लागेल अशा बेताच्या चालीने.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. साखर एकदम उतरून माणूस भोवंडून पडतो. गरोदर बायकांनी तर वजन उतरवण्याचा विचारच बाजूला ठेवावा.

चवथ आली. घरात पातोळ्या, नेवऱ्या, खतखतं, सगळं नेहमीसारखं झालं. मला विचाराल तर सणाला मोजमाप काढणारा माणूस घरात नसलेला बरा. ह्यांनी चार नेवऱ्या खाल्ल्या, कुणी बोललं नाही. कॅलेंडरवरच्या लाल गोलाखाली त्यांनीच खरा आकडा लिहिला : साडेतीन.

आणि पंचमीच्या दिवशी सासूबाई आतल्या खोलीतून नवं पोलकं हातात धरून बाहेर आल्या, चिडलेल्या. त्यांना कुणी कमी खायला सांगितलं नव्हतं, काट्यावर तर त्या कधी चढल्याच नाहीत. "इतकी वर्षं माझं माप त्याच्याकडे आहे," त्या म्हणाल्या, "आणि यंदा मेल्याने दोन बोटं सैल शिवलंय." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. शिंप्याची बाजू कुणीच घेतली नाही.

नमस्कार.