बूस्टच्या आधीचं काम

(दृश्य : उघडं बॉनेट. चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन आयडलवर चालू आहे.)

अशा साध्या इंजिनाला टर्बो लावण्याआधी काय काय करावं लागतं, ते पाहू. या इंजिनात हवा कुणी भरत नाही. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमधला दाब उतरतो आणि बाहेरची हवा आपल्याच दाबाने आत शिरते. समुद्रसपाटीला हा दाब साधारण १ बार, म्हणजे १४.७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिनाची सगळी भिस्त या एवढ्याशा दाबावर असते. १६०० सीसीचं इंजिन ६००० आरपीएमवर मिनिटाला फार तर ४८०० लिटर हवा घेईल. प्रत्यक्षात थोडी कमीच, कारण फिल्टर, थ्रॉटल आणि व्हॉल्व्ह तिला वाटेत अडवतात. ताकद वाढवायची तर पेट्रोल जास्त जाळायला हवं, आणि एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं देता येतं. घोडं अडतं ते हवेपाशी.

म्हणून हवा दाबून भरायची. बाहेरच्या दाबावर चढवलेला हा जास्तीचा दाब म्हणजे बूस्ट.

(दृश्य : सुपरचार्जरचा पट्टा फिरतो आहे. मग टर्बोचा उभा छेद, दोन चाकं, मध्ये एक दांडा.)

त्याचे मार्ग दोन. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरच्या पट्ट्याने फिरतो. पाय दाबला की तो लगेच हजर असतो, मात्र स्वतः फिरण्यासाठी इंजिनाचीच ताकद खातो. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर. एका बाजूला त्या वायूने फिरणारं टर्बाइन, दुसऱ्या बाजूला हवा दाबणारा कंप्रेसर, मध्ये दोघांना जोडणारा दांडा. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि बहुतेक टर्बोंमध्ये त्याला आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा.

कल्पना जुनी आहे. गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्ये हवा दाबून भरण्याचं पेटंट घेतलं. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये एक्झॉस्टच्या वायूवर कंप्रेसर फिरवण्याचं पेटंट घेतलं. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर चढवून अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर नेलं. सुमारे ४३०० मीटर उंचीच्या विरळ हवेत टर्बो लावल्यावर इंजिनाची गेलेली ताकद परत येते, हे त्यांनी तिथे दाखवून दिलं.

पण साध्या इंजिनाला टर्बो लावू पाहणाऱ्याने नीट बघावी अशी गाडी आली १९६२ मध्ये. ओल्ड्समोबील जेटफायर. ३.५ लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, २१५ अश्वशक्ती, बूस्ट जेमतेम ५ पीएसआय. कंपनीने कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, मात्र उतरवला नाही, १०.२५:१ ठेवला. त्यामुळे इंजिन नॉक करणार, म्हणजे मिश्रण आत अवेळी भडकणार, हे ठरलेलंच होतं. त्यावर उपाय म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचं मिश्रण एका वेगळ्या टाकीतून आत फवारलं जायचं. टाकी संपली की बूस्टला लगाम घालणारी सोयही होती. यंत्र म्हणून ही रचना सुंदर आहे. गाडीच्या मालकांना मात्र ती टाकी भरण्याची सवय लागली नाही, आणि जेटफायर दोन वर्षांत बंद झाली. आज जो कुणी १०:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनावर टर्बो बसवतो, त्याच्यासमोर नेमका हाच प्रश्न उभा असतो.

(दृश्य : इनटेक पाइप, त्यावर तापमानाचा सेन्सर. स्क्रीनवर आकडे चढताना दिसतात.)

या प्रश्नाचं मूळ उष्णतेत आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तेच इथे होतं. बाहेर २५ अंश सेल्सिअस असताना अर्धा बार बूस्ट दिला आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा ७५ अंशांच्या पुढे जाते. तापलेली हवा फुगते. दाब दीडपट झाला तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा वजनाने २८ टक्क्यांच्या आसपासच वाढते. तीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या रेडिएटरमधून, ४० अंशांपर्यंत थंड केली, की वाढ ४३ टक्क्यांवर पोचते. बूस्ट तोच. म्हणून हाताशी पैसे मोजके असतील तर मोठ्या टर्बोपेक्षा चांगल्या इंटरकूलरवर घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

इंटरकूलर ताकद तर वाढवतोच, शिवाय इंजिनाचा जीवही वाचवतो.

(दृश्य : टेबलावर खोललेला पिस्टन. कॅमेरा हळूहळू रिंगांच्या खोबणीजवळ जातो.)

इथे पाहा. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली ही कड. तिचा एक तुकडा उडालेला आहे. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते आणि ज्वाला एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे सरकते. अजून न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात दाबलं जातं, तापतं, आणि ज्वाला पोचण्याआधीच भडकतं. हेच नॉकिंग. दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळत राहतात, आणि साध्या गाडीतला ओतीव पिस्टन असे तडाखे फार काळ सोसत नाही. त्याच सिलिंडरचा स्पार्क प्लग भिंगाखाली धरा. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे बारीक ठिपके दिसतील, आणि मधूनच चमकणारे अ‍ॅल्युमिनियमचे कण. ते कण पिस्टनचे आहेत. गाडी तोवर छान ओढत असते, आवाजही कदाचित आलेला नसतो. प्लगने मात्र सांगून ठेवलेलं असतं.

नॉकिंग टाळायचं तर बूस्ट वाढेल तसं इग्निशन टायमिंग मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते, आणि मिश्रण पेट्रोलच्या बाजूला झुकवावं लागतं. पूर्ण बूस्टवर एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवेऐवजी साडेअकरा ते बारा. आता अडचण अशी, की गाडीच्या मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याचा मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधला एकूण दाब मोजणारा सेन्सर, बहुधा १ बारच्या आसपासपर्यंतच दाब मोजतो. बूस्टमुळे दाब त्याच्या वर गेला तरी सेन्सर आपला शेवटचाच आकडा सांगत राहतो. ईसीयू तेवढ्याच हवेचं पेट्रोल सोडतो. हवा वाढलेली, पेट्रोल तेवढंच, टायमिंग पुढे. टर्बो लावून बसलेली बहुतेक इंजिनं या एका ओळीत सापडतील. दोष टर्बोवर येतो, पण पिस्टन फुटतो तो उपाशी इंजेक्टरमुळे आणि आंधळ्या सेन्सरमुळे.

तेव्हा दाब वरपर्यंत मोजणारा सेन्सर, मोठे इंजेक्टर, त्यांना पुरेल असा फ्यूएल पंप, मिश्रणाचं नेमकं प्रमाण सांगणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि नव्याने ट्यून करता येणारा ईसीयू हे सगळं आधी बसवावं. स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घ्यावेत, त्यांची गॅप कमी करावी. पेट्रोलचा दाब वाढवून जुन्याच इंजेक्टरवर वेळ मारून नेण्याचा उपायही चालतो, थोड्या बूस्टला निभावतोही. मला तो पटत नाही, कारण टायमिंगचा प्रश्न तिथेच राहतो.

(दृश्य : कॉम्प्रेशन गेज. मेकॅनिक एकेका सिलिंडरचा आकडा लिहून घेतो आहे.)

त्याच्याही आधी इंजिन तपासायचं. सिलिंडर किती दाब तयार करतो ते सांगणारी कॉम्प्रेशन टेस्ट आणि दाब कुठून गळतो ते सांगणारी लीकडाउन टेस्ट. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा मागे असेल, तर पहिलं काम इंजिन खोलण्याचं. बूस्ट दुखणं बरं करत नाही, वाढवतं. क्रँककेसमधले, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातले, वायू बाहेर काढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. तो इनटेकला जोडलेला असतो, आणि त्याने बूस्ट अडवला नाही तर दाब थेट खाली जाऊन ऑइल सील बाहेर ढकलतो.

टर्बोच्या तेलाचं दुखणंही असंच दुर्लक्षित. तेल आत येतं बारीक नळीतून, दाबाने. परत जातं ते निव्वळ उताराने. परतीची नळी जाड हवी, खाली उतरती हवी, मध्ये कुठे वाकलेली नको, आणि संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, ती तेलाच्या पातळीच्या वरच जोडलेली हवी. तेल तुंबलं की ते सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरतं आणि मागून निळा धूर निघतो. नवा टर्बो खराब निघाला म्हणून बदलण्याआधी ही नळी पाहावी.

कनेक्टिंग रॉडचं काय? त्यांना खरा ताण देतो तो कमी आरपीएमवर एकदम उसळणारा टॉर्क. म्हणून छोट्या टर्बोचा बूस्ट २००० आरपीएमलाच सगळा सोडू नये, हळूहळू चढवावा. मूळ पिस्टन आणि रॉड ठेवून काम करायचं असेल, तर अर्धा बार ही मी थांबण्याची जागा मानतो. त्यापुढे जायचं तर फोर्ज्ड पिस्टन, रिंगांची जास्त गॅप, स्टीलचं थरांचं हेड गॅस्केट, असा सगळा खर्च दारात उभा राहतो. क्लच आणि ब्रेक त्याच्या मागोमाग येतात. बदललेली गाडी रस्त्यावर आणताना धुराचे नियम आणि नोंदणीचे नियम पाळावे लागतात, ते काम सुरू करण्याआधीच विचारून घ्यावेत.

(दृश्य : डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, गाडी. लॅपटॉपवर तीन रेषा : बूस्ट, मिश्रण, टायमिंग.)

पहिली रन वेस्टगेटच्या, म्हणजे जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगवरच घ्यायची, म्हणजे ती सेटअप देऊ शकेल त्या सगळ्यात कमी बूस्टवर. नजर मिश्रणाच्या रेषेवर. बूस्ट चढताना ती बारावरून तेराकडे सरकायला लागली, तर रन तिथेच सोडायची. पंप किंवा इंजेक्टर कमी पडतो आहे. रेषा जागेवर राहिली, तर इंजिन बंद करून प्लग काढायचे, चारही पोर्सिलेन भिंगाखाली पाहायचे, मॅनिफोल्डचे तापून सैल झालेले बोल्ट आवळायचे, तेलाची नळी ओली नाही ना ते बघायचं. हे सगळं स्वच्छ निघालं तरच पुढचा एक पीएसआय.